जळालेला बोर्ड आणि ऑपरेटरवरचा ठपका

व्हॅक्यूम फर्नेसमधील इन्सुलेशन जळाले की चौकशी पुरी होण्याआधीच ठपका ऑपरेटरवर येतो, आणि पुणे परिसरातील एका हीट ट्रीटमेंट कारखान्यात प्रस्तुत लेखकाने पाहिलेला प्रकार याला अपवाद नव्हता. तेथे डाय स्टील सुमारे १०३० अंश सेल्सिअसला तापवून नायट्रोजनच्या झोतात थंड केले जाई, आणि भट्टीच्या आतल्या कोठीला, म्हणजे हॉट झोनला, कार्बन फायबरच्या बोर्डांचे अस्तर होते. आखूड कार्बनतंतू फिनॉलिक रेझिनने बांधून व मग त्या रेझिनचाही उष्णतेने कार्बन करून हा बोर्ड बनतो. त्याची घनता दर घनसेंटिमीटरला ०.१५ ते ०.२ ग्रॅम, म्हणजे भरीव ग्राफाइटच्या साधारण एक दशांश, असल्याने तो उष्णता फारशी वाहून नेत नाही. निर्वातात तो २००० अंशांपर्यंतही टिकतो. हवेत मात्र ४०० अंशांच्या आसपासच जळू लागतो.

पुरवठादाराच्या अहवालात एकच कारण होते: भट्टी गरम असताना दार उघडले. वॉरंटी नाकारली गेली, ऑपरेटरला मेमो मिळाला. वस्तुतः साक्ष बोर्डच देत होता. पाचशे अंशांच्या आसपास ज्वलन सावकाश होते, त्यामुळे ऑक्सिजन सच्छिद्र बोर्डात खोलवर शिरतो आणि बोर्ड आतून ठिसूळ होतो. हजार अंशांना मात्र ऑक्सिजन पृष्ठभागावरच खर्ची पडतो, म्हणून हवा जेथून येते तेथे खड्डा पडतो. येथे खड्डा थर्मोकपलच्या छिद्राभोवतीच होता, त्याचे काठ बोट लावताच झडत होते, आणि वीतभर अंतरावरचा बोर्ड नखाने दाबूनही खचत नव्हता. म्हणजे संशय त्या छिद्राच्या सीलवर जायला हवा होता. त्यासाठी पंपाचा व्हॉल्व्ह बंद करून दाब किती वेगाने चढतो हे पाहण्याची लीक टेस्ट पुरली असती. अहवालात तिचा उल्लेखही नव्हता आणि कारखान्यातही ती कोणी मागितली नाही.

वॉरंटीतून ऑक्सिडेशन, म्हणजे हवेने होणारे असे जळणेच, वगळणे हे छत्रीच्या हमीतून पाऊस वगळण्यासारखे आहे. म्हणून बोर्ड बसवण्यापूर्वीच्या व नंतरच्या लीक टेस्टची नोंद करारातच मागावी. तथापि ऑपरेटर सर्वस्वी निर्दोष होता, असे म्हणणेही धाडसाचे ठरेल. डिस्पॅचच्या घाईत भट्टी ठरलेल्या तापमानाच्या वर असतानाच दार उघडले जाई, हे तेथे सर्वांना ठाऊक होते. ते उघडायला सांगणाऱ्यांना मात्र कधी मेमो मिळाला नाही.