घाव सोसणारे तांबे

पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीत पेशवाईपासून चालत आलेल्या ज्या कामावर माझे पोट चालते, ते मठारकाम म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर शेजारी शेजारी, सारख्या अंतराने आणि सारख्या जोराने घाव घालीत जाणे. आणि ज्याचा हात या कामात मुरला, त्याला तांब्याचे दोन स्वभाव कोणतेही पुस्तक न उघडता ठाऊक होतात. एक, तांबे घावाने पसरते पण फुटत नाही. आणि दुसरा, पसरता पसरता ते उत्तरोत्तर हट्टी होत जाते.

पहिल्या स्वभावाची मीमांसा शालेय पुस्तकात सापडते. मिठाच्या खड्यात धन आणि ऋण भाराचे कण आलटून पालटून बसलेले असतात, त्यामुळे घावासरशी एखादा थर जरा सरकला की सजातीय भार समोरासमोर येऊन एकमेकांस लोटतात आणि खडा दुभंगतो. तांब्याच्या अणूंची रीत निराळी. येथे प्रत्येक अणू आपला सर्वांत बाहेरचा इलेक्ट्रॉन खाजगी मालकीत न ठेवता, गावाने गायरान राखावे तसा, सगळ्या गोळ्याच्या सामाईक वहिवाटीत सोडून देतो. भोवती बारा शेजारी असलेला अणू त्यांपैकी कोणा एकाशीच करारबद्ध नसल्यामुळे थर सरकला तरी बंध तुटत नाही, केवळ शेजारी बदलतात. थॉमसनने 1897 मध्ये इलेक्ट्रॉनचा शोध लावला आणि त्यानंतर अवघ्या तीन वर्षांत पॉल ड्रूड या जर्मन शास्त्रज्ञाने या मुक्त इलेक्ट्रॉनांवर धातूंची उपपत्ती उभी केली. पुढे तीत पुष्कळ दुरुस्त्या झाल्या, तरी तिचा गाभा टिकून आहे.

तांब्याच्या बंबातले पाणी लवकर का तापते, याचेही उत्तर तेच. हे मोकळे इलेक्ट्रॉन उष्णता आणि वीज दोन्ही वाहून नेतात, म्हणून तांबे लोखंडाच्या सुमारे पाचपट उष्णतावाहक. आणि त्याच तांब्यात जस्त मिसळून पितळ केले की परक्या अणूंवर इलेक्ट्रॉन अडखळू लागतात व वाहकता पार उतरते. चकाकीदेखील त्यांचीच: अंगावर पडलेला प्रकाश ते परतवून लावतात. तांबे मात्र त्यातला निळा-हिरवा अंश गिळून टाकते आणि उरलेला तांबूस प्रकाश आपल्या डोळ्यांकडे धाडते.

परंतु दुसऱ्या स्वभावापाशी ही मीमांसा थांबते, आणि तांबटाचे खरे कसब तर तेथेच सुरू होते. इलेक्ट्रॉन घाव घालण्यापूर्वी जितके सामाईक होते तितकेच नंतरही असतात. मग धातू कठीण का व्हावा? 1926 मध्ये याकोव्ह फ्रेंकेलने हिशेब मांडला, तेव्हा असे दिसले की अणूंचा एक अख्खा थर दुसऱ्यावरून एकदम सरकवायचा तर प्रत्यक्षात लागतो त्याच्या शेकडो-हजारोपट जोर लागला पाहिजे. या विसंगतीचा उलगडा 1934 मध्ये टेलर, ओरोवान आणि पोलान्यी या तिघांनी स्वतंत्रपणे केला. स्फटिकाच्या रचनेत मुळातच काही सदोष रेषा असतात, त्यांना डिसलोकेशन म्हणतात. थर एकदम न सरकता अशा रेषेच्या वाटेने ओळीओळीने सरकतो, म्हणून माणसाच्या मनगटाचा जोर पुरतो. मात्र प्रत्येक घावाने या रेषांची संख्या वाढते, त्या एकमेकींत गुंततात, परस्परांची वाट अडवतात आणि पत्रा हातोडीला दाद देईनासा होतो. त्यापुढेही ठोकण्याचा हट्ट धरला तर तांबेसुद्धा काठाशी चिरते. म्हणून कारागीर भांडे भट्टीत लाल होईपर्यंत तापवतो, तेव्हा गुंत्याने भरलेल्या जुन्या स्फटिककणांच्या जागी नवे, निर्दोषप्राय स्फटिककण उगवतात आणि भांडे पुन्हा मऊ होते. पोलाद लाल करून पाण्यात बुडवले तर कडक होते, कारण त्यातला कार्बन जागच्या जागी अडकतो. शुद्ध तांब्यात तसा अडकणारा कोणीच नसल्यामुळे ते पाण्यात बुडवले तरी मऊच राहते.

मठाराच्या खुणांना गिऱ्हाईक नक्षी समजते, याची मला गंमत वाटते. वास्तविक त्या खुणा म्हणजे भांड्याचे बळ होय. शेवटच्या फेरीनंतर भांडे मुद्दाम तापवीत नाहीत, ते याच कारणासाठी. पातळ पत्र्यावर नुसते ठसे उमटवून विकली जाणारी भांडी हातात घेऊन दाबली की काय ते समजते.

रसायनशास्त्र शिकवणाऱ्यांस एवढीच विनंती आहे, की फळ्यावर इलेक्ट्रॉनांचा समुद्र रेखाटून झाल्यावर बोटाने वाकेल अशी जाड, मऊ तांब्याची तार प्रत्येक मुलाच्या हाती द्यावी, ती वाकवून त्याच जागी पुन्हा सरळ करायला सांगावे, आणि ती सरळ होत नाही असे दिसले म्हणजे शिक्षकाने स्वतः ती ज्योतीवर लाल करून, पाण्यात निववून मुलाच्या हाती परत द्यावी.