ग्लँडमधले थेंब

वसईच्या किनाऱ्यावरील आमच्या धर्मग्रामात अनेक घरांची चूल समुद्राच्या भरवशावर पेटते; साहजिकच बोटींची दुखणीही आमच्या कानी येतात. पंख्याचा शाफ्ट जिथे बोटीबाहेर जातो, तिथे ग्लँडमध्ये ग्रीस लावलेल्या पॅकिंगदोरीची कडी बसवून पाणी अडवितात. पावसाळी बंदीत बोट उभी राहिली, की ही दोरी सुकून कडक होते.

यंदा एका बोटीत तिथून धारच लागली. तांडेलाच्या मुलाने नट करकचून आवळले, धार थांबली. त्याची घाई आम्हांस समजते. रात्री भर समुद्रात पंप बंद पडला, तर सहा जिवांचा प्रश्न! तांडेलांनी मात्र इंजिन चालवून ग्लँडला हात लावला आणि चटकन मागे घेतला.

“फादर, त्यालाही पाणी लागतं,” ते म्हणाले.

शाफ्ट फिरत असता मिनिटाला २-३ थेंब गळावेच लागतात. त्यांनीच पॅकिंग थंड राहते. कोरडे पॅकिंग जळते, शाफ्टला चर पडतात. मग नवी दोरीही पाणी अडवीत नाही.

ओहोटीला बोट चिखलात बसल्यावर जुनी दोरी आकडीने उपसली. नवी कडी तिरपी कापून, सांधे एका रेषेत येऊ न देता बसविली. भरतीला बोट निघाली, तेव्हा मुलगा ग्लँडपाशी बसून थेंब मोजीत होता.