तळ्यात-मळ्यात

माणूस कुठंही जाऊन आला की 'काय बघितलंस?' या प्रश्नाचं उत्तर त्याला तयार ठेवावं लागतं. ऐन पावसाळ्यात महाबळेश्वरला जाऊन आलेला गृहस्थसुद्धा बारा पॉइंटांची नावं धडाधड सांगतो. बाराही ठिकाणी त्यानं एकच धुकं बघितलेलं असतं, तो भाग वेगळा. 'काही नाही बघितलं, गेलो आणि आलो' असं म्हणणाऱ्याकडे लोक संशयानं पाहतात. या एका खोडीपायी इंग्लंडातल्या सगळ्यांत खोल तळ्याच्या तळाशी मातीचे बुटके नेऊन बसवण्यात आले, आणि पुढं पोलिसांना ते पिशव्यांत भरून वर आणावे लागले. ही थाप नव्हे. थापांचा विषय पुढं येणारच आहे.

तळ्याचं नाव वॉस्टवॉटर. इंग्लंडच्या वायव्येला कंब्रिया परगण्यात लेक डिस्ट्रिक्ट नावाचा डोंगर-तळ्यांचा मुलूख आहे, त्यात ते पसरलंय. लांबी तीनेक मैल, खोली अडीचशे फुटांच्या आसपास. एका अंगाला डोंगरावरून दगडगोट्यांची घसरण थेट पाण्यात उतरते आणि पाण्याखालीही तशीच उतरत जाते. पाणी अगदी नितळ. नितळ का, तर त्यात शेवाळाला खायला फारसं काही नाही. थोडक्यात, गरिबाघरची स्वच्छता!

माझा भाचा मँचेस्टरला असतो. त्याला स्कूबाचा नाद. तो लागला मालवणला. तिथं पहिल्या खेपेला शिक्षक तुम्हाला हाताला धरून खाली नेतो, रंगीत मासे चष्म्यापाशी येऊन 'पाहुणे कुठले?' असं विचारून जातात, आणि वर आल्यावर सोलकढी मिळते. तिथून प्रगती करत करत आमचे चिरंजीव या तळ्यापर्यंत पोचले. हे तळं नवख्यांचं नाही, अनुभवी लोकांचं, असं त्यानं मला फोनवर अभिमानानं सांगितलं.

"तिथं मासे आहेत का रे?" मी विचारलं.

"खाली फारसे दिसत नाहीत, मामा."

"प्रवाळ?"

"गोड्या पाण्यात प्रवाळ कुठून येणार?"

"मग एखादं बुडालेलं गलबत?"

"छे! खाली गाळ, अंधार आणि थंडी."

"अरे, मग जातोस कशाला?"

"म्हणजे काय? खोल आहे ना!"

यावर मी गप्प बसलो. माझी ताई मात्र बसली नाही. 'खोल म्हणजे किती, आणि त्यानं काय होतं' हे तिनं मला त्याच्याकडून खोदून खोदून काढायला लावलं, आणि मी विचारतोय तोवर स्वतः फोनला कान लावून उभी राहिली.

हिशेब असा आहे. आपल्या डोक्यावर हवेचा एक दाब असतो. पाण्यात दर दहा मीटरला जवळजवळ तेवढाच आणखी एक चढतो. पन्नास मीटरच्या आसपास तो सहापटीला भिडतो, म्हणजे पाठीवरची टाकी सहापट वेगानं रिकामी होते. हवेतला नायट्रोजन वर अगदी गरीब बिचारा. कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण तीसेक मीटर खाली गेलं की तो डोक्यात चढायला लागतो. पाणबुडे स्वतःच त्याची तुलना उपाशी पोटी घेतलेल्या दारूशी करतात. माणसाला वाटतं, आपलं सगळं झकास चाललंय. शिवाय हाच नायट्रोजन अंगात मुरतो. घाईनं वर आलं तर सोड्याची बाटली फोडल्यागत रक्तात बुडबुडे होतात. म्हणून वर यायचं ते सावकाश, मिनिटाला नऊ-दहा मीटर, आणि पाच-सहा मीटरवर पुन्हा थांबायचं. त्यात पाणी इतकं गार, की श्वास घ्यायच्या यंत्रात बर्फ धरून हवा धो धो वाहून जाऊ शकते. म्हणून हौशी माणसानं चाळीस मीटरपाशी थांबावं, असा सर्वसाधारण दंडक आहे.

आता एवढा खटाटोप करून खाली जायचं, आणि खाली गाळ! कुणा रसिकांना ते सहन झालं नाही. त्यांनी ४८ मीटर खोलीवर बागेतले बुटके नेऊन मांडले. टोकदार टोपी, पांढरी दाढी, सुटलेलं पोट. आपल्याकडे बंगल्याच्या बागेत सिमेंटचा बगळा असतो, तसे इंग्रजांकडे हे बुटके असतात. सर चार्ल्स आयशम नावाच्या जमीनदारानं १८४० च्या दशकात ते जर्मनीहून आणून लॅम्पोर्ट हॉलच्या बागेत बसवले. पुढं ते इतके बोकाळले, की चेल्सीच्या प्रतिष्ठित पुष्पप्रदर्शनानं त्यांना दाराबाहेर ठेवलं. २०१३ साली शताब्दीनिमित्त एका वर्षापुरती सवलत दिली. अशा वाळीत पडलेल्या मंडळींना तळ्याच्या बुडाशी जागा मिळाली. भोवती लाकडी कुंपणसुद्धा घातलं होतं. दीडशे फूट पाण्याखाली कुणाची गुरं आत शिरणार होती, देव जाणे!

इथवर हसायला हरकत नाही. पण १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्या तळ्यात तीन पाणबुडे दगावले. ते ही बाग शोधत नको तितका वेळ नको तितक्या खोल राहिले असावेत, असा समज आहे. तिघांच्या घरी कुणीतरी चहा ठेवून वाट बघत असेल. मग पोलिसांचे पाणबुडे उतरले आणि त्यांनी एकूण एक बुटका उचलून आणला. २००५ साली त्यांच्यातल्याच एकानं ही हकीकत सांगितली, आणि पुढं अशी वदंता सांगितली, की नवी बाग म्हणे पन्नास मीटरच्या खाली मांडली आहे. पोलिसांना कायद्यानं पन्नासच्या खाली उतरता येत नाही! 'हे आमच्या हद्दीत येत नाही' हे वाक्य आपण ठाण्यात पुष्कळदा ऐकलेलं असतं. तिथं ते खोलीच्या बाबतीत खरं होतं.

ती नवी बाग आहे की नाही, कोण सांगणार? मुलूखही असा, की कुणाच्या शब्दावर जाऊ नये. तिथं एकोणिसाव्या शतकात विल रिटसन नावाचा खानावळवाला होऊन गेला. आमच्याकडचे सलगम एवढे मोठे, की लोक ते पोखरून त्यात मेंढ्या बांधतात, असं तो सांगे. त्याच्या स्मरणार्थ जवळच्याच सँटन ब्रिज गावात जगातल्या सर्वश्रेष्ठ थापाड्याची स्पर्धा भरते. वकील आणि राजकारणी यांना तिथं प्रवेश नाही. धंदेवाईकांपुढे हौशी माणसाचा निभाव कसा लागणार?

भाचा गेल्या महिन्यात त्या तळ्यात उतरला. त्या रात्री ताई जेवली नाही. शेवटी फोन आला.

"बुटके दिसले का रे?" मी विचारलं.

"नाही, मामा. चाळीस मीटरवर डोकं जरा हलकं वाटलं. आकडा बघितला आणि फिरलो."

"मग बघितलंस काय?"

"काही नाही. गेलो आणि आलो."

अनुभवी कशाला म्हणतात, ते मला तेव्हा कळलं. ताईनं देवापुढे साखर ठेवली. कुणी काहीही बघितलं नाही म्हणून आमच्या घरात साखर वाटली गेली ती पहिल्यांदाच. मी आपला सावध माणूस. थापांच्या मुलखातून आलेला निरोप, म्हणून त्याच्या मनगटावरच्या यंत्राचा फोटो मागवून घेतला. त्यावर आकडा होता ३८.

दोन मीटरची थाप आम्ही त्याला माफ केली.