सैल जोड

मी मालेगावात राहतो आणि शाळेत विज्ञान शिकवतो. माझ्या घरापासून शाळा पाच किलोमीटर दूर आहे. दोन वर्षांपूर्वी मी आमच्या मोहल्ल्यातल्या एका चाचांकडून त्यांची जुनी, विजेवर चालणारी स्कूटर अठरा हजार रुपयांना घेतली. "बेटा, गाडी चांगली आहे. बॅटऱ्या मागच्याच वर्षी बदलल्या आहेत," चाचा म्हणाले होते.

तीन आठवडे गाडी छान चालली. मग तिने दगा द्यायला सुरुवात केली. सपाट रस्त्यावर ती नीट चाले. पण चढ आला आणि मूठ पिळली की एकदम बंद पडे. एके दिवशी भर उन्हात ती ढकलत मी शाळेत पोहोचलो. प्रार्थना संपली होती. मुले खिडकीतून माझ्याकडे पाहत होती.

त्या संध्याकाळी मी रागाने चाचांच्या दारात गेलो. सलाम करायचेही भान मला राहिले नाही. "मेलेल्या बॅटऱ्या तुम्ही माझ्या गळ्यात मारल्या!" मी बोलून गेलो. चाचांनी आतून पावती आणून दाखवली. मी ती नीट वाचलीसुद्धा नाही. तेव्हा ते हळूच म्हणाले, "पैसे डोळ्याच्या ऑपरेशनला खर्च झाले, बेटा. महिनाभराची मुदत दे. सगळे परत करीन."

दुसऱ्या दिवशी मी गाडी मिस्त्रीकडे नेली. तिच्यात बारा व्होल्टच्या चार बॅटऱ्या एकीला एक जोडलेल्या होत्या, म्हणजे एकूण ४८ व्होल्ट. मिस्त्रीने मीटर लावला. काटा ५२ वर गेला.

"बॅटऱ्या पूर्ण भरल्या आहेत, सर."

"मग गाडी बंद का पडते?"

"उभ्या गाडीला विचारून काय कळणार? तिला चढावर नेऊ."

मी गाडी चालवली आणि मिस्त्री मीटर घेऊन मागे बसला. चढावर बॅटऱ्यांपाशी ५० व्होल्ट दिसले. पुन्हा तोच चढ चढलो, तेव्हा मीटर कंट्रोलरपाशी जोडला होता. तिथे फक्त ४० दिसले आणि गाडी बंद पडली. दहा व्होल्ट वाटेतच हरवले होते!

मिस्त्रीने एमसीबी खाली करून वीज तोडली आणि सीटखालची तार पाहिली. बॅटऱ्यांचा जोड सैल होता. आतली पट्टी काळी पडली होती आणि बाहेरचे प्लॅस्टिक वितळले होते.

मुलांनो, हा धडा मी दरवर्षी फळ्यावर लिहितो. गेऑर्ग ओम यांनी १८२७ साली तो आपल्या ग्रंथात मांडला. तेही एके काळी शाळेत शिकवत असत. विद्युतधारेला रोधाने गुणले की विभवांतर मिळते. समजा, सैल जोडाचा रोध ०.४ ओहम आहे. चढावर २५ अँपिअर धारा वाहिली, तर त्या जोडात १० व्होल्ट खर्च होतात आणि त्यांची उष्णता होते. गाडी उभी असताना धारा जवळजवळ वाहतच नाही, म्हणून काही हरवतही नाही. व्होल्ट फार उतरले की बॅटऱ्या वाचवण्यासाठी कंट्रोलर स्वतःच मोटार बंद करतो.

"हा जोड अलीकडे कोणी उघडला होता का?" मिस्त्रीने विचारले.

माझी मान खाली गेली. तिसऱ्या आठवड्यात बॅटऱ्या काढून मीच ती जागा धुतली होती. जोड परत बसवला होता तोही मीच, आणि तोही अर्धवट.

नवा जोड साठ रुपयांत बसला. मी तडक चाचांकडे गेलो. या वेळी आधी सलाम केला, मग माफी मागितली. चाचांनी एवढेच विचारले, "चढावर चालते ना आता?" मी हो म्हणालो. त्यांनी आत चहा ठेवायला सांगितले.

तो जळका जोड आजही माझ्या टेबलावर आहे. कोणावर आरोप करावासा वाटला की आधी मी त्याच्याकडे पाहतो. दोष कुठे आहे ते मोजून पाहावे, मगच तोंड उघडावे. साठ रुपयांत तार जोडता येते. त्या संध्याकाळचा चाचांचा पडलेला चेहरा मात्र मी अजून विसरलेलो नाही.