बॅट, फोन, तारीख : निशिकांत कामत यांचे थरारपट

हिंदी थरारपटांचा इतिहास सांगताना ‘वह कौन थी?’ (१९६४) चे राज खोसला आणि ‘ज्वेल थीफ’ (१९६७) चे विजय आनंद यांच्यापासून सुरुवात करण्याचा प्रघात आहे. मराठी नाव निघालेच तर ‘गुमनाम’ (१९६५) चे दिग्दर्शक राजा नवाथे यांचे, तेही क्वचित. निशिकांत कामत यांची आठवण मात्र ‘दृश्यम’पाशी सुरू होऊन ‘दृश्यम’पाशीच संपते. हा धागा त्या आधीच्या आणि नंतरच्या कामत यांच्याविषयी आहे.

जन्म १९७० चा, दादरचा. ‘सातच्या आत घरात’ (२००४) मध्ये ते अभिनेता म्हणून दिसले होते. पण त्यांचे नाव झाले ते दिग्दर्शक म्हणून पुढच्याच वर्षी, ‘डोंबिवली फास्ट’मुळे.

माधव आपटे बँकेत नोकरी करतो. नियम पाळतो, रांगेत उभा राहतो, लोकलला लटकतो. रोजचा तोच दिनक्रम पुन्हा पुन्हा दाखवून कामत प्रेक्षकालाही त्या कंटाळ्यात कोंडतात आणि मग एके दिवशी आपटेच्या हातात क्रिकेटची बॅट येते. पाश्चात्त्य चित्रपट पाहणाऱ्यांना इथे जोएल शूमाखरचा ‘फॉलिंग डाऊन’ (१९९३) आठवला, आणि ते साहजिकच होते. फरक एवढाच की आपटे संतापतो तो नियम मोडणाऱ्यांवर. त्याची स्वतःची नियमांवरची श्रद्धा शेवटपर्यंत सुटत नाही. संदीप कुलकर्णी यांनी हा माणूस इतका ओळखीचा केला की तो वीर आहे की रुग्ण, हे प्रेक्षकाला ठरवता येऊ नये.

हे साल २००५ होते, हे विसरता कामा नये. त्याच वर्षीच्या २६ जुलैला मुंबई पाण्याखाली गेली होती. यंत्रणा आपल्यासाठी नाही, ही भावना तेव्हा घरोघरी होती. चित्रपटाला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. २००७ मध्ये कामत यांनीच माधवनला घेऊन तो तमिळमध्ये ‘एवनो ओरुवन’ या नावाने पुन्हा केला. म्हणजे ज्यांच्यावर पुढे ‘रिमेकवाले’ असा शिक्का बसला, त्यांनी पहिला रिमेक केला तो स्वतःच्याच चित्रपटाचा!

आता ११ जुलै २००६. पश्चिम रेल्वेच्या लोकलगाड्यांत सात स्फोट, तेही अवघ्या काही मिनिटांत. या घटनेवर २००८ मध्ये दोन हिंदी चित्रपट दोन आठवड्यांच्या अंतराने आले. २२ ऑगस्टला कामत यांचा ‘मुंबई मेरी जान’ आणि ५ सप्टेंबरला नीरज पांडे यांचा ‘अ वेन्सडे’. हे दोन्ही चित्रपट शेजारी ठेवून पाहणे हा इतिहासाच्या अभ्यासकासाठी उत्तम पाठ आहे.

दोन्हींत एक सामान्य माणूस फोन उचलतो आणि बॉम्बची धमकी देतो. ‘अ वेन्सडे’त तो गच्चीवर बसून साऱ्या पोलीस यंत्रणेला वेठीस धरतो, अतिरेक्यांना मारवतो आणि शांतपणे निघून जातो. चित्रपट त्याला सलाम करतो, चित्रपटगृहही करते. ‘मुंबई मेरी जान’मध्ये फोन करतो तो थॉमस, सायकलवर फिरून चहा-कॉफी विकणारा गरीब तमिळ माणूस. इरफान खान यांना या भूमिकेत संवाद फारच थोडे आहेत. एका चकचकीत मॉलमध्ये बायको-मुलीदेखत त्याचा अपमान होतो. मग तो नाण्याच्या फोनवरून मॉलमध्ये बॉम्ब असल्याच्या खोट्या बातम्या देऊ लागतो. माणसे पळत सुटलेली पाहून त्याला सुख होते. एकदा त्या पळापळीत एका वृद्धाला हृदयविकाराचा झटका येतो आणि थॉमस आतून हादरतो.

एकच हत्यार, एकच शहर, एकच जखम. पण एका चित्रपटात त्याचे फळ टाळी आहे, दुसऱ्यात लाज. लोकांनी टाळीचा चित्रपट अधिक लक्षात ठेवला, यात नवल नाही. थराराची किंमत कोण मोजतो, हा प्रश्न मात्र दोघांपैकी कामत यांनीच विचारला. परेश रावल यांचा निवृत्तीला आलेला पोलीस तुकाराम पाटील आणि स्वतःच बातमी होऊन बसलेली वार्ताहर रूपाली ही पात्रेही त्याच प्रश्नाभोवती फिरतात. या चित्रपटाला फिल्मफेअरचा समीक्षक पुरस्कार मिळाला. प्रदर्शनानंतर तीन महिन्यांनी २६ नोव्हेंबर उजाडला.

पुढची काही वर्षे भरभर ओलांडावीत, हेच बरे. ‘फोर्स’ (२०११) हा तमिळ ‘काखा काखा’चा रिमेक. तो चांगला चालला, विद्युत जामवालला हिंदीत पहिली संधी मिळाली. पण गणवेशातला नायक ही कामत यांची जातकुळी नव्हे. ‘लय भारी’ (२०१४) ने रितेश देशमुख मराठी पडद्यावर आला आणि तिकीटखिडकीवर गर्दी झाली. कोरियन ‘द मॅन फ्रॉम नोव्हेअर’वरून केलेल्या ‘रॉकी हँडसम’मध्ये (२०१६) त्यांनी खलनायकही स्वतःच केला. तो नायकापेक्षा अधिक रंगला, असे म्हटले तरी फारसे बिघडणार नाही.

इथवरचे त्यांचे उत्तम काम मुंबईचे आहे. गोंदिया जिल्ह्याच्या टोकाला असलेल्या केशोरीत, अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या जंगलाला लागून असलेल्या मुलखात, लोकलची खिडकी आणि मॉलचा सरकता जिना कल्पनेनेच पाहावा लागतो. झाडीपट्टीचा प्रेक्षक तसा कच्चा नाही. दिवाळीनंतर मंडपात बसून रात्रभर नाटक पाहणारा, उजाडेपर्यंत कथानकाचा धागा न सोडणारा हा प्रेक्षक आहे. पण आपटेचा राग त्याला दुरूनच समजून घ्यावा लागतो. विजय साळगावकरचे तसे नाही.

‘दृश्यम’ (२०१५) हा जीतू जोसेफ यांच्या २०१३ च्या मल्याळम चित्रपटाचा रिमेक. त्याचा नायक गोव्यातल्या एका लहान गावातला, चौथी नापास, धंद्याने केबलवाला. त्याचे सगळे शिक्षण रात्री कार्यालयात बसून पाहिलेल्या चित्रपटांतून झालेले. अशी माणसे झाडीपट्टीतल्या गावोगावी आहेत. शाळेने ज्यांना सोडले आणि टीव्हीने ज्यांना शिकवले, अशी.

या चित्रपटात खून कोणी केला हे प्रेक्षकाला आरंभीच कळते. म्हणून उत्कंठा रहस्याची नाही, पुराव्याची आहे. इथेच इतिहासाच्या विद्यार्थ्याने सावरून बसावे. विजय साक्षीदार विकत घेत नाही, कोणाला धमकावत नाही. बसचा कंडक्टर, हॉटेलवाला, चित्रपटगृहातला माणूस या सगळ्यांना तो कुटुंबासह खरोखरच भेटलेला असतो. सगळे प्रामाणिकपणे खरे तेच सांगतात. खोटी असते ती फक्त तारीख! नंतर पुन्हा भेटून, गप्पांच्या ओघात, तो ती त्यांच्या स्मरणात हलकेच पेरतो. साधनचिकित्सेच्या तासाला साक्षीदाराचा हेतू तपासायला शिकवतात. हेतू शुद्ध असूनही स्मरण दूषित असू शकते, हे या केबलवाल्याने फार सोपे करून दाखवले आहे. तब्बू यांची मीरा देशमुख ते ओळखते, पण ओळखणे आणि सिद्ध करणे यांतले अंतर तिला ओलांडता येत नाही.

मूळ रचना जोसेफ यांची, हे मान्यच केले पाहिजे. तरी ती कामत यांच्या हाती येणे योगायोगाचे वाटत नाही. आपटेच्या हाती बॅट होती, तो मेला. थॉमसच्या हाती फोन होता, तो खजील झाला. साळगावकरच्या हाती केवळ एक तारीख आहे, आणि तो सुटतो. दहा वर्षांत कामत यांच्या सामान्य माणसाने रागावणे सोडले आणि तो हिशेबी झाला. त्यात प्रगती आहे की पराभव, यावर भांडायला भरपूर जागा आहे. पुढच्याच वर्षीच्या ‘मदारी’त पूल कोसळून मुलगा गमावलेला बाप गृहमंत्र्यांच्या मुलाला पळवतो आणि सरकारला टीव्हीच्या पडद्यासमोर उभे करतो. इरफान अप्रतिम आहेत. चित्रपट मात्र भाषणाच्या वजनाखाली वाकतो.

‘मदारी’ हा कामत यांनी दिग्दर्शित केलेला अखेरचा हिंदी चित्रपट ठरला. त्यानंतर ते ‘डॅडी’ (२०१७) आणि ‘भावेश जोशी सुपरहिरो’ (२०१८) मध्ये अभिनेता म्हणून दिसले. १७ ऑगस्ट २०२० रोजी हैदराबाद येथे यकृताच्या आजाराने त्यांचे निधन झाले. वय अवघे पन्नास. ‘दृश्यम २’ नोव्हेंबर २०२२ मध्ये आला, दिग्दर्शक अभिषेक पाठक.

दरवर्षी २ ऑक्टोबर आला की समाजमाध्यमांवर साळगावकर कुटुंब त्या दिवशी पणजीला सत्संगाला गेले होते, याची आठवण एकमेकांना करून दिली जाते.