पिंड आणि प्रवास

कोनिग्झबर्ग या पूर्व प्रशियातील बंदराच्या गावी जन्मलेला, तेथेच शिकलेला आणि तेथेच विद्यापीठात शिकवून १८०४ साली तेथेच देह ठेवलेला तत्त्वज्ञ इमान्युएल कांट आयुष्यात आपल्या प्रांताबाहेर कधी पडला नाही. आणि तरीही हाच गृहस्थ सुमारे चाळीस वर्षे विद्यार्थ्यांना भूगोल शिकवीत असे, आणि लंडनच्या वेस्टमिन्स्टर पुलाचे वर्णन एकदा त्याने इतक्या तपशीलाने केले, की आपण लंडनात किती वर्षे होता आणि आपला व्यवसाय स्थापत्याचा आहे काय, असे ऐकणाऱ्या एका इंग्रज गृहस्थाने त्याला विचारले, अशी हकीकत त्याच्या चरित्रकाराने नमूद करून ठेवली आहे. ही हकीकत वाचणारा बहुधा असे धरून चालतो, की हा मनुष्य माणूसघाणा आणि ग्रंथांत गढलेला असला पाहिजे. वस्तुस्थिती अगदी निराळी होती. उतारवयात कांट दुपारचे जेवण एकट्याने घेत नसे. पंक्तीला तिघांहून कमी आणि नवांहून अधिक माणसे नसावीत, असा त्याचा दंडक होता. जोसेफ ग्रीन नावाचा एक इंग्रज व्यापारी त्याचा जिवलग मित्र होता, आणि मेजावरचे संभाषण तासन्‌तास चाले. ज्याच्या पंक्तीला जगच जेवायला येऊन बसते, त्याने जग पाहावयास कशासाठी बाहेर पडावे? प्रवासाची आवड आणि माणसाचा पिंड यांचा संबंध शोधू पाहणाऱ्याने आरंभ या जेवणाच्या मेजापासून करावा, असे मला फार दिवस वाटत आले आहे.

कारण लोकांची समजूत नेमकी याच्या विरुद्ध आहे. जो बोलका, चारचौघांत रमणारा, तो प्रवासी; आणि जो अबोल, आपल्यातच मग्न, तो घरकोंबडा, अशी वाटणी आपण डोळे मिटून करून टाकतो. कार्ल युंग या स्विस मनोवैज्ञानिकाने १९२१ साली व्यक्तिमत्त्वाच्या प्रकारांवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि पुढे अंतर्मुख व बहिर्मुख ही दोन विशेषणे सुशिक्षितांच्या बोलण्यात इतकी रुळली, की या वाटणीला शास्त्राचाच आधार आहे असे वाटू लागले. वास्तविक युंगचा रोख बोलकेपणावर नव्हताच. मनाची शक्ती स्वभावतः कोणत्या दिशेने वाहते, बाह्य वस्तूकडे की आतल्या अनुभवाकडे, हा त्याचा प्रश्न होता. स्वतःला अंतर्मुखांत गणणारा हा मनुष्य १९२५ साली पूर्व आफ्रिकेत हिंडला, आणि १९३७ च्या अखेरीस सायन्स काँग्रेसच्या रौप्यमहोत्सवाच्या निमित्ताने हिंदुस्थानात आला. या सबंध दौऱ्यात किमयाशास्त्रावरचा एक जुना लॅटिन ग्रंथ त्याने अथपासून इतिपर्यंत वाचून काढला, आणि कलकत्त्यास आमांशाने रुग्णालयात पडून हॉटेलात परतल्यावर जे स्वप्न पडले, ते हिंदुस्थानाचे नव्हते, युरोपातील पुराणकथांचे होते. इतक्या लांब येऊन स्वतःचेच वाचीत बसायचे, तर यायचे कशाला, असा आक्षेप घेणाऱ्याला अंतर्मुख माणसाचा प्रवास कळलेला नाही, असे मी म्हणेन.

मला तो कळण्याचे कारण माझ्या घरातच होते. माझे बालपण कुर्डुवाडीला गेले. मुंबई–मद्रास हमरस्त्याची मोठी गाडी आणि बारशी लाईटची अडीच फुटी रुळांची लहान गाडी यांचा संगम तो. १८९७ साली कुर्डुवाडीहून बार्शीपर्यंत सुरू झालेली ही लहान गाडी पुढे एकीकडे पंढरपूरहून मिरजेपर्यंत आणि दुसरीकडे लातूरपर्यंत गेली होती. वडील स्टेशनातल्या पार्सल कचेरीत कारकून. आंब्याच्या करंड्या, पानांचे डाग, सायकली, ट्रंका यांच्या पावत्या फाडता फाडता त्यांनी जी माणसे जोडली, त्यांची फेरिस्त करणे कोणाच्याही आवाक्यातले नव्हते. हमालापासून फौजदारापर्यंत प्रत्येकाच्या घरचे दुखणे, लग्न आणि कज्जा त्यांना ठाऊक. घरी यायला निघाले की वाटेत इतके थांबे होत, की आई आमटी पुन्हा चुलीवर चढवी. अशा मनुष्याला रेल्वेकडून दर साल फुकट पास मिळत. सबंध हिंदुस्थान त्यांच्यापुढे खुला होता. परंतु पासांची मुदत कपाटातच सरे. काशीला चला म्हणून आईने धरणे धरले, की ते शांतपणे विचारीत, “तिथं मला कोण ओळखतंय?” या प्रश्नात तक्रार नव्हती, आळसही नव्हता. ज्या ठिकाणी आपल्याला कोणी ओळखत नाही त्या ठिकाणी आपण जवळजवळ नसतोच, ही त्यांची प्रामाणिक जाणीव होती, आणि आज मी तिचा आदर करतो.

त्यांची थोरली बहीण, माझी आत्या, विधवा होऊन आमच्याकडे राहिलेली. दिवसचे दिवस तिच्या तोंडून शब्द निघत नसे. कोणी घरी आले की ती माजघरात सरके. पण ज्येष्ठ लागला की तिची लगबग सुरू होई. एक लुगडे, बुक्क्याची डबी, दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि फिरकीचा पितळी तांब्या एवढे सामान बांधून ती पुण्याच्या गाडीत बसे आणि आळंदीहून ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीबरोबर पंढरपूरपर्यंत पायी चाले. जी बाई घरी दोन पाहुण्यांसमोर संकोचे, ती लाखाच्या समुदायात आनंदाने कशी राहते, हे कोडे घरात कोणालाच उलगडले नव्हते. मी एकदा विचारले, “आत्या, एवढ्या गर्दीत तुला गुदमरत नाही?” ती म्हणाली, “अरे, तिथं मला कोणी काही विचारत नाही. सगळ्यांना नाव एकच, माउली.” आणि मग, तिच्या मानाने पुष्कळच, ती मुक्कामावरच्या समाजआरतीविषयी बोलली. सगळ्या दिंड्या तळावर गोळा होतात, टाळांचा कल्लोळ उसळतो, आणि चोपदार हातातला दंड वर उचलतो, त्यासरशी तो सारा समुदाय निःशब्द होतो. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती तेवढी टाळ वाजवीत राहते, चोपदार तिच्याकडे जाऊन गाऱ्हाणे ऐकतो, हरवल्या-सापडल्या जिनसांची वर्दी दिली जाते, आणि मग आरती. “ते गप्प होणं ऐकण्यासाठी मी जाते,” असे आत्या म्हणाली. विठ्ठलाचे नाव तिने त्या वेळी घेतले नाही.

माझा पिंड आत्याचा. हे मला उमगले ते मॅट्रिकच्या सुमारास, कसल्याशा निरोपासाठी मला एकट्याला लातूरला पाठविले तेव्हा. लहान गाडीचा डबा इतका अरुंद, की समोरच्याचे गुडघे आपल्या गुडघ्यांना लागत. बार्शी मागे पडून येडशीकडच्या टेकड्या सुरू झाल्या, की इंजिनाचा वेग असा मंदावे, की उतरून चार पावले चालावे आणि पुन्हा चढावे, असा मोह व्हावा. त्या डब्यात शेळीचे करडू मांडीवर घेतलेली एक म्हातारी होती, कापडाचे गठ्ठे घेतलेला एक व्यापारी होता, आणि त्यांच्यापैकी कोणालाही मी पार्सलबाबूंचा मुलगा असल्याचे ठाऊक नव्हते. कुर्डुवाडीत मला प्रत्येक वळणावर वडिलांच्या वतीने उत्तरे द्यावी लागत. येथे मी कोणाच्याच वतीने नव्हतो. मनावरचा एक सततचा पहारा उठला, आणि तो उठताच डोळे उघडले. म्हातारीच्या हातावरचे गोंदण, करडाचे ओले नाक, खिडकीबाहेरची ज्वारीची ताटे, असे एकेक दिसू लागले. अबोल माणसाला प्रवास प्रिय होतो तो हिंडण्याच्या हौसेने नव्हे, या पहाऱ्यातून मिळणाऱ्या रजेमुळे, अशी माझी तेव्हापासूनची धारणा आहे. माणसांपासून दूर जावे असे त्याला मुळीच वाटत नसते. माणसांच्या अगदी जवळ, गुडघ्याला गुडघा लावून बसावे, मात्र कोणाला हिशेब देणे लागू नये, एवढीच त्याची इच्छा असते.

हिशेबाचे खाते मात्र मला नोकरीत लाभले. सरकारी लेखापरीक्षेच्या दप्तरात मी रुजू झालो, आणि नगरपालिका, लोकल बोर्डे, बाजारसमित्या यांची कीर्द-खतावणी तपासण्यासाठी तालुक्याच्या गावोगाव दौरे करणे हा माझ्या कामाचा भाग झाला. जे सहकारी कचेरीत हास्यविनोदाचे केंद्र, ते दौऱ्याचा हुकूम निघाला की साहेबांकडे अर्ज घेऊन जात; मी तो हुकूम मिळाला की मनोमन आनंदे. दिवसभर पावत्या पडताळाव्यात आणि दिवेलागणीला डाक बंगल्यातून निघून अपरिचित गावच्या बाजारपेठेतून हळूहळू चालत जावे, तांबटआळीतला ठोका ऐकावा, देवळाच्या ओवरीत घटकाभर बसावे, हे सुख मला प्रवासभत्त्यासह मिळत होते.

स्टॅन्ली प्लॉग नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचा या विषयातील सिद्धान्त मी पुष्कळ पुढे वाचला. विमानाचे भाडे परवडत असूनही कित्येक लोक विमानात पाऊल का ठेवत नाहीत, हा विमान कंपन्यांचा व्यापारी प्रश्न त्याने हाती घेतला, आणि १९७४ साली प्रवाशांची एक श्रेणी मांडली. तिच्या एका टोकाला परिचिताला धरून राहणारे, दुसऱ्या टोकाला अपरिचिताकडे ओढले जाणारे, आणि बहुसंख्य मंडळी अधेमधे. त्याच्या मोजपट्टीत माझे वडील आणि मी दोन टोकांना पडू. मला हे पटते, कारण ही मोजपट्टी बोलकेपणाची नाही. आजचे मानसशास्त्रही नव्या अनुभवाला मोकळे असणे आणि माणसांत रमणे हे दोन स्वतंत्र गुण मानते. एक आहे म्हणून दुसरा असेलच, असा नियम नाही. आत्या अबोल होती, पण बंद नव्हती.

येथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. बहुतेक माणसांना घराबाहेर काढते ती त्यांची प्रकृती नसते, पोट असते. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली उत्तरेकडे निघाले ते घरचे कर्ज फेडण्यासाठी, यज्ञाच्या दक्षिणेच्या आशेने; वाटेत बंडाचा वणवा पेटला, झाशीच्या वेढ्यात ते सापडले, मिळविलेले द्रव्य लुटले गेले, आणि अखेर गंगेची कावड तेवढी खांद्यावर घेऊन ते परतले. त्यांचा ‘माझा प्रवास’ १९०७ साली चिंतामणराव वैद्यांनी प्रसिद्ध केला, म्हणून तो आपल्या हाती आहे. प्रारब्धाने ज्या वाटेवर ढकलले त्या वाटेवर काय दिसले, एवढेच पिंडाच्या स्वाधीन होते. आणि गोडसेभटजींना जे दिसले, ते त्याच वाटेने गेलेल्या शेकडो भिक्षुकांनी कागदावर उतरविले नाही.

माझी पत्नी मालवणची. तिचा पिंड माझ्या वडिलांच्या वळणाचा, आणि तरी प्रवासाची हौस माझ्याहून अधिक, त्यामुळे माझी मांडणी ती सहज मोडून काढी. लहानपणी मुंबईला जायचे ते आगबोटीने. बोट खोल पाण्यात उभी राही, पडावातून तिथपर्यंत जायचे, आणि भाऊच्या धक्क्याला उतरेपर्यंत डेकवरची निम्मी माणसे आपल्या ओळखीची झालेली असत, असे ती सांगते. आगगाडीतही तेच. दौंड येण्यापूर्वी समोरच्या कुटुंबाची वंशावळ तिला पाठ, आणि त्यांच्या डब्यातले लोणचे आमच्या पोळीवर. सुटी मंजूर झाली की आमचा वाद ठरलेला. मला हिमालय हवा असे, तिला समुद्र.

“अहो, त्या डोंगरात बोलायला माणूस तरी भेटतं का?”

“अगं, म्हणूनच तर जायचं.”

शिगेहिरो ओइशी आणि त्यांचे सहकारी यांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात अंतर्मुख माणसांचा कल डोंगरांकडे अधिक असतो असे आढळले, हे मी वर्तमानपत्रात वाचले तेव्हा कात्रण तिच्यापुढे ठेवले. तिने ते लक्षपूर्वक वाचले आणि म्हणाली, “मग गंगोत्रीला मी गप्प का झाले होते?” ते खरे होते. भागीरथीच्या काठी खडकावर ती कितीतरी वेळ बसून राहिली होती, आणि चहाच्या टपरीवाल्या गढवाली म्हाताऱ्याशी, त्याच्या मुलाच्या पलटणीविषयी आणि बटाट्याच्या भावाविषयी, बोलत बसलो होतो तो मी. स्थळ माणसाच्या पिंडाला अनुसरते, तसे पिंडाला वळवितेही. संशोधकांची कोष्टके पुष्कळ माणसांविषयी खरी असतात. एका माणसाच्या एका सायंकाळविषयी ती काही सांगत नाहीत, आणि तशी त्यांची प्रतिज्ञाही नाही.

युंगने असे मांडले आहे, की आयुष्याच्या उत्तरार्धात मनाची उपेक्षित राहिलेली बाजू आपला हक्क मागू लागते. मी आता त्या उत्तरार्धाच्याही उत्तरार्धात आहे. पुण्यात ज्या गल्लीत आम्ही राहतो, तेथले जुने वाडे पाडून इमारती उठल्या, बरोबरीची माणसे एकेक करून गेली, आणि ज्या अनोळखीपणासाठी मी तिकीट काढून लांब लांब जात असे, तो आता दारातच उभा आहे. जिन्यात भेटणाऱ्यांपैकी बहुतेकांना माझे नाव ठाऊक नाही. पहारा कायमचा उठला आहे, आणि उठल्यावर त्याची उणीव भासते, हे मला तरुणपणी कोणी सांगितले असते तर पटले नसते. वडिलांचा प्रश्न आता मला रोज आठवतो, आणि त्यात मला पूर्वी न जाणवलेली आर्तता जाणवते.

म्हणून अलीकडे प्रवास म्हटला की मीच मालवणचे नाव काढतो. सासुरवाडीच्या त्या आळीत मला अजून जावई म्हणून ओळखतात, एस. टी. स्टँडवरून घरापर्यंत पोहोचायला पुष्कळ वेळ लागतो, कारण प्रत्येक खळ्यातून कोणी ना कोणी हाक मारते, “कधी इलास?” पत्नी दोन शब्दांत उत्तर देऊन पुढे निघून जाते. मी पिशवी खाली ठेवतो आणि सांगू लागतो: गाडी कोठे अडली, गुडघ्यांचे काय चालले आहे, नातीला कोणत्या गावी नोकरी लागली. आणि मग त्यांच्या घरचेही विचारतो, नावानिशी.