पाणी असेल तेव्हा जाऊ

नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ शोधू नये म्हणतात. ही म्हण आजवर कानावरून नुसती जायची, कधी अडली नाही. या वेळी मुलांना घेऊन गंगाखेडला जायचा बेत करायला बसले आणि अडली ती अडलीच.

बेत तसा सरळ आहे. पुण्याहून पनवेल-नांदेड गाडी मिळते. रात्री बसायचं, लातूर-परळी करत सकाळी गंगाखेडला उतरायचं. काका स्टेशनावर येतात, नको म्हटलं तरी येतात. बरोबर माझी लेक आणि भाचा, ती नऊ वर्षांची, तो सहा. गोम एवढीच, की परळीकडून येणाऱ्या गाडीला गंगाखेड आधी लागतं आणि गोदावरीचा पूल नंतर. म्हणजे मुलं नदीच्या गावी उतरणार आणि नदी न बघताच घरी पोचणार. तेव्हा गंगाखेडला न उतरता तसंच पुढे परभणीपर्यंत जावं, पुलावर मुलांच्या हातात एकेक नाणं द्यावं आणि परभणीहून एसटीनं मागे यावं, असं मी मनाशी योजून ठेवलं आहे. घरात हे कुणाला पटायचं नाही. एवढा वळसा नेमका कुणासाठी, हे मलाही नीट सांगता येत नाही.

खरा घोळ आहे तो कधी जायचं याचा. मे महिन्यात शाळेला सुट्टी, पण तेव्हा परभणीचा पारा बेचाळीस-चव्वेचाळीसला जातो आणि गंगेत नुसती वाळू. गोदावरीला तिकडे सगळे गंगाच म्हणतात. दिवाळीत पाणी असतं, पाऊसकाळ बरा झाला असेल तर. जानेवारीत हुरडा असतो, ज्वारीचं शिवार ऐन बहरात असतं, पण तेव्हा सुट्टी नसते. काकांना फोन केला की त्यांचं एकच, "वरून सोडलं तर राहतंय बघ पाणी. सुटलं की सांगतो तुला, मग काढ तिकिटं." रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं. साठ दिवसांनी गंगेला पाणी असेल की नाही, हे मात्र घाटावर जन्म काढलेला माणूसही सांगू शकत नाही.

काकांच्या तोंडचं ते "वरून" मला सोडत नाही. लेकीच्या पुस्तकात उगम दिला आहे, त्र्यंबकेश्वरचा ब्रह्मगिरी. लांबी १४६५ किलोमीटर, शेवट बंगालच्या उपसागरात. हे तिला पाठ आहे. पण गंगाखेडच्या घाटावर उभं राहिलं की नदी ब्रह्मगिरीहून येते असं कुणाच्या बोलण्यात नसतं. ती पैठणहून येते. १९६५ साली लालबहादूर शास्त्रींनी जायकवाडीची पायाभरणी केली, १९७६ साली इंदिरा गांधींच्या हस्ते धरणाचं लोकार्पण झालं, आणि तेव्हापासून आमच्या नदीचा उगम त्या सत्तावीस दरवाजांपाशी सरकला. दरवाजे उघडले तर पाणी, मिटले तर वाळू. २००६ च्या ऑगस्टमध्ये ते उघडले तेव्हा नदी गावात शिरली. २०२५ च्या सप्टेंबरात पुन्हा मराठवाडाभर पूर. अधल्यामधल्या कितीतरी उन्हाळ्यांत मात्र पात्रात टरबुजांच्या वाड्या आणि वाळूचे ट्रॅक्टर.

धरणाला दोष देऊन मला मोकळं होता येत नाही. आत्याचं सासर मानवतकडचं. डाव्या कालव्याचं पाणी शिवारात आलं तेव्हा तिच्या घरचं रूप कसं पालटलं, ते तिनं मला इतक्यांदा सांगितलं आहे की मी स्वतः पाहिल्यासारखं ते डोळ्यांपुढे येतं. दोनशे आठ किलोमीटरचा तो कालवा परभणी जिल्ह्यातून जातो. नदीतून गेलेलं पाणी असं कुणाच्या तरी शेतात उगवलंच आहे. आणि पैठणच्याही वर पाहिलं तर मूळ आणखी मागे सरकतं. गंगापूर, दारणा, भंडारदरा, मुळा. तिथल्या शेतकऱ्यालाही त्याचं पाणी हवंच आहे. २००५ च्या कायद्यानं समन्यायी वाटपाचं तत्त्व आणलं. त्यानंतर वरच्या धरणांतून जायकवाडीत किती टीएमसी सोडायचं, यावरून पाऊस कमी झाला की मोर्चे निघतात, प्रकरण कोर्टात जातं. नदीचं मूळ शोधू नये म्हणणाऱ्या माणसाच्या स्वप्नातही आलं नसेल, की एक दिवस दोन प्रदेशांना मूळच मोजून मागावं लागेल.

त्या माणसाला भीती तरी कसली वाटत असावी? सगळे सांगतात तो अर्थ साधा आहे. मुळाशी गेलं की थोर गोष्ट लहान दिसते. एवढी मोठी गोदावरी आणि ब्रह्मगिरीवर बघावं तर ओंजळभर पाणी. माणसाच्या थोरवीचंही तसंच, म्हणून त्याचं घराणं विचारू नये. पण मग मला गोदावरीची कथा आठवते आणि अर्थ एवढ्यावर थांबत नाही. गौतम ऋषींच्या शेतात गाय शिरली, त्यांनी दर्भाच्या काडीनं तिला हाकललं आणि ती तिथेच मेली. इतर ऋषींनीच हे घडवून आणलं होतं असं कथेत आहे. त्या गोहत्येच्या पापातून सुटायला गौतमांनी तप केलं आणि गंगा खाली आली, म्हणून ती गौतमी. म्हणजे या नदीचं मूळ शोधत गेलं की एक ऋषी भेटतो, आणि त्या ऋषीपाशी एक मेलेली गाय आणि शेजाऱ्यांचा मत्सर. म्हणीतल्या दोन गोष्टी इथे एकाच डोंगरावर आहेत. मग म्हण लहानपणाबद्दल आहे, की मुळाशी असलेल्या अपराधाबद्दल? बघू नको, कारण तिथे कमी आहे? की बघू नको, कारण तिथे कुणाचं तरी देणं राहिलं आहे?

ऋषीच्या कुळाचं म्हणावं, तर तेही परभणी जिल्ह्यानं सोडलेलं नाही. काकांनी मुलांसाठी आखलेल्या फेरीत पाथरी आहे. १९१८ साली शिर्डीत समाधी घेतलेल्या साईबाबांनी आपलं घराणं, आपला धर्म कुणाला धड सांगितला नाही. पुढे विश्वास खेर यांनी शोध घेतला आणि त्यांना ते पाथरीच्या भुसारी घराण्यात सापडलं. तिथे मंदिर उभं राहिलं. २०२० च्या जानेवारीत मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी जन्मस्थान म्हणून पाथरीला शंभर कोटी देऊ केले, तेव्हा शिर्डीनं बंद पाळला. मंदिर उघडं होतं, गाव बंद. अखेर पाथरीचा विकास होईल, जन्मस्थानाचा वाद नको, इथवर येऊन ते थांबलं. पाथरीच्या माणसाला हे किती लागलं असेल याची मला कल्पना आहे. बाबा आमचे होते एवढंच त्याला म्हणायचं होतं. आणि शिर्डीचंही मला पटतं. ज्या माणसानं आयुष्यभर सांगितलं नाही, त्याच्या वतीनं आपण का सांगावं?

हे सगळं मुलांना सांगायचं का? पाथरीत मंदिर दाखवावं आणि पुढे व्हावं, हे सोपं. पण लेक विचारणार, बाबा खरंच इथले का. ती असंच विचारते.

आणि गंगाखेडला पोचल्यावर ती जनाबाईबद्दल विचारणार. घाटाजवळ जनाबाईचं मंदिर आहे, तिथे आम्ही जाणारच. जनाबाई इथली. बाप दमा, आई करुंड, दोघं विठ्ठलाचे भक्त. ती लहान असताना पंढरपूरला गेली आणि दामाशेटी शिंप्याच्या, म्हणजे नामदेवांच्या घरी राहिली ती कायमची. दळण, कांडण, शेणगोवऱ्या. साडेतीनशेच्या आसपास अभंग तिच्या नावावर आहेत आणि जात्यावरच्या बाईनं तिला आजवर सोडलेलं नाही. एवढं मी मुलांना सांगू शकते.

पण ती तिथे राहिली कशी, याच्या दोन गोष्टी मी ऐकल्या आहेत. एकीत ती आईबापांबरोबर यात्रेला गेली, देवळात विठ्ठल पाहिला आणि परत यायलाच तयार होईना. आईबाप रडले, ती हलली नाही. दुसरीत आई गेलेली असते, आणि बाप पोरीला दामाशेटींच्या घरी नेऊन ठेवतो. पहिली गोष्ट कीर्तनात ऐकायला मिळते. दुसरी घरातल्या बायका सांगायच्या, आवाज खाली करून. दोन्हींत गंगाखेडहून एक लहान मुलगी मोठ्यांचं बोट धरून प्रवासाला निघते आणि परत येत नाही. पहिलीत तिचा हट्ट, दुसरीत बापाची लाचारी. मी लहान होते तेव्हा पहिलीच खरी मानायचे. आता पोटच्या मुलीचा डबा भरताना दुसरीच खरी वाटते. सहा-सात वर्षांच्या पोरीनं आपण होऊन परक्या घरी भांडी घासायला राहायचं ठरवलं, हे मोठ्यांनीच स्वतःला सांगितलेलं असणार.

आणि हे जुनं म्हणावं तर तसंही नाही. गंगाखेडच्या डोंगरपट्ट्यातल्या गावांतून दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाची उचल आधीच घेतलेली असते. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत पत्र्याच्या पेट्या, सरपण, कोंबड्या, आणि वर मुलं बसलेली. काही मुलं आजी-आजोबांपाशी मागे राहतात, त्यांच्यासाठी हंगामी वसतिगृहं चालतात, तरी कितीतरी फडावर जातातच. एका दिवाळीत मी स्टँडजवळ अशी ट्रॉली थांबलेली पाहिली होती. माझ्या लेकीएवढी एक मुलगी कडेवर भाऊ घेऊन चाकाशेजारी उभी होती आणि एका हातात धरलेला बिस्किटाचा पुडा दातांनी फोडत होती. भावाला पहिलं बिस्किट दिलं, दुसरंही त्यालाच. आम्ही तेव्हा माहेरच्या फराळाला चाललो होतो. आमच्या मुलांनी दिवाळीत इकडे यायचं आणि इकडच्या मुलांनी त्याच दिवसांत इथून जायचं. पाणी असतं म्हणून दिवाळी बरी, असं मी वर लिहिलं आहे. ते अजून खरंच आहे, पण लिहिताना वाटलं होतं तेवढं मोकळं आता वाटत नाही.

मग मे घ्यावा का? मेमध्ये ती मुलं गावात असतात. वडाखाली, देवळात, हौदाच्या कडेला माझ्या मुलांना खेळायला सवंगडी मिळतील. नदी नसेल. पात्रात खेळायला जाऊ देणं आताशा जिवावर येतं, वाळू उपसून झालेले खड्डे कुठे किती खोल हे कुणाला माहीत नसतं. घाटावर मात्र न्यावंच लागेल. गंगाखेडला दक्षिण काशी म्हणतात, लांबलांबून माणसं अस्थी घेऊन येतात. पाणी नसेल तरी येतात. पायऱ्यांवर झेंडूच्या पाकळ्या, पिठाचे गोळे, केसांचे पुंजके. लाल फडक्यात बांधलेलं मडकं पोटाशी धरून पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेला एखादा माणूस कुठे उतरावं हे शोधत असतो, आणि डबकं सापडलं की तिथेच वाकतो. सहा वर्षांचा भाचा विचारेल, हे काय चाललंय. माझे आजोबा इथेच गेले, म्हणजे त्यांची राख इथे सोडली, हे त्याला सांगायचं मी ठरवलं आहे. वाहत्या पाण्याकडे बोट दाखवून ते सांगता आलं असतं. डबक्याकडे बोट दाखवून कसं सांगायचं, हे मला सुचत नाही.

काकांनी मुद्गलचाही विषय काढला. तिथे नदीच्या पात्रातच मुद्गलेश्वराचं देऊळ आहे, ऋषीच्याच नावाचं. बंधाऱ्यामुळे तिथे पाणी टिकतं, म्हणाले, "पोरांना पाणी दाखवायचं ना तुला, मग तिथं दाखवू." मला एकदम हायसं वाटलं आणि लगेच चुकल्यासारखंही झालं. पाणी कुठलंही चालत असेल तर खडकवासल्याला जाता येतं. मला त्यांना पाणी दाखवायचं नाहीये बहुधा. आपण कुठून आलो ते दाखवायचं आहे. आणि हे लिहिल्यावर म्हण पुन्हा पुढ्यात उभी राहते. जी शोधू नये असं तिनं सांगितलं, त्याच गोष्टीसाठी मी तिकिटं बघते आहे. मूळ शोधू नये हे शहाणपण असेल, तर पैठणच्या वर काय चाललंय हे विचारायचं नाही, जनाबाईला कुणी ठेवलं हे विचारायचं नाही, ट्रॉलीतली मुलगी कुठे चालली हेही विचारायचं नाही. असलं शहाणपण मुलांना देण्याची माझी इच्छा नाही. पण सगळंच विचारत बसलं तर आजोळ उरतं का, हेही मला माहीत नाही. मी लहानपणी काही विचारलं नाही म्हणूनच कदाचित गंगाखेड मला इतकं पुरलं.

तिकिटं अजून काढलेली नाहीत. कधी वाटतं मेचीच काढावीत, कोरडी तर कोरडी, नदी जशी आहे तशी त्यांची होऊ दे. कधी वाटतं सहा वर्षांच्या पोरानं नदी पहिल्यांदा बघावी ती भरलेलीच, पुढे आयुष्यभर तिची आठवण काढायला त्याच्यापाशी काही तरी हवं. यात मुलांसाठी काय आणि माझ्यासाठी काय, हे बेत सुरू केला तेव्हा मला स्पष्ट दिसत होतं. आता काकांचा फोन आला, पाणी सुटलं म्हणाले, तर लगेच हो म्हणेन की अडखळेन, तेसुद्धा सांगता येत नाही.